आत्याचा डोळा आणि साहेबाची जोडाक्षरं

समस्त डोंबिवलीकरांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या आत्याच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होणार नाही. निर्णय अंतिम आहे. पुस्तकात तसे छापलेले आहे.

पुस्तक म्हणजे आजोबांनी मागे ठेवलेला, उशीएवढा जाड इंग्रजी घरगुती वैद्यकाचा ग्रंथ. आत्या शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि दर जूनला आमच्या वह्यांबरोबर त्यालाही खाकी कव्हर घालायची. त्यातलं इंग्रजी भलतंच होतं. जुलाबाच्या स्पेलिंगमध्ये ओ आणि ई एकमेकांना बिलगून एकच अक्षर झालेले. रक्तस्रावात ए आणि ई तसेच. साहेबाकडेही जोडाक्षरं होती हे कळलं तेव्हा मी लहान होतो, आणि अवाक झालो होतो. जुलाब व्हायचेच असतील तर असल्या राजेशाही अक्षरांतले व्हावेत, अशी माझी फार इच्छा होती.

यंदा मात्र आत्याला भिंग धरूनही वाचता येईना. गॅस पेटलाय की नाही, तेही हात जवळ नेऊन बघायची. मी ऑपरेशनचं नाव काढताच तिने ते पानच पाठ म्हणून दाखवलं: दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, अंधारी खोली, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि कित्येक दिवस निपचित पडून राहायचं.

"अरे, मेल्यावर पडणारच आहे की तशी! आत्तापासून सराव कशाला?"

शेवटी पुस्तकासकट तिला रिक्षात घातलं आणि ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मला वाटलं, हसतील. पण त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"आजी, सगळं खरं आहे हो. तेव्हा डोळ्याला टाके घालता येत नव्हते. डोकं हललं की जखम उघडायची. पुन्हा दिसावं म्हणून माणसं एवढं सोसायची."

लहानपणापासून ज्या पानांवर मी खिदळत आलो, त्यांतल्या एका ओळीआड कितीतरी माणसं अंधारात, श्वास धरून पडली होती.

"आणि आता?" आत्याने विचारलं.

"आता डोळ्यात थेंब घालून बधिर करायचं. संध्याकाळी घरी."

"वाळू?"

"वाळू नाही."

ऑपरेशनच्या दिवशी दारापर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. "हललेच तर रे?" एवढंच म्हणत होती. दार लागलं. मी बाहेर देव आठवत उभा. आत ऑपरेशनच्या यंत्राचा उजेड तिच्या डोळ्यात उतरला असणार, कारण जरा वेळाने तिचा तो खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज दाराबाहेर आला:

"अगं पोरी, काय निळं दिसतंय, काय गुलाबी! सावकाश कर की जरा, संपवायची एवढी घाई काय आहे तुला?"