जिंकणाऱ्यांनी वाढायचं

माझ्या लेकीनं वॉटफर्डविरुद्ध शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाल्ला, आणि मी मिसळीचं ताट नाकारून तिला घेऊन घरी निघून आले. यातली पहिली गोष्ट खेळात होतेच. दुसरीची मला अजून लाज वाटते, कारण नियम माझाच होता.

इंग्लंडात रीडिंगला आम्हा गावोगावच्या मराठी लोकांची दर उन्हाळ्यात फुटबॉल स्पर्धा असते. मुलांची, मुलींची आणि पोट सुटलेल्या बाबांची. पाचेक वर्षांपूर्वी मी कमिटीत हट्ट धरला की जिंकणाऱ्या गावानं हरलेल्यांना आपल्या हातानं वाढायचं, आणि ते जेवले की मगच आपण बसायचं. माझे वडील कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघाला हेच करायला लावायचे. कमिटीतल्या एका पुणेकरानं "हे लेखी द्या" म्हटलं, मी दिलं. तेव्हापासून हे चालू आहे आणि लोकांना आवडतंही. आम्ही चार वर्षं जिंकत होतो, त्यामुळे मला तर फारच आवडायचं!

यंदा वॉटफर्ड जिंकलं. गोल केला तो माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मुलीनं. मैत्रीण वॉटफर्डला राहते. आमची ओळख इथे आल्या आल्या झाली, आणि दोघींच्या पोरी एकत्र रांगल्या आहेत. बॉल कोपऱ्याकडून आला, माझी गोलकीपर लेक क्रॉस, म्हणजे गोलासमोर आडवा पास, येणार म्हणून एक पाऊल पुढे सरकली, आणि बॉल ती आणि जवळचा खांब यांच्या मधून आत गेला. पाठीमागे कोणी तरी म्हणालं, "अरे, हा तर माझ्या आजीनं पण अडवला असता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच मिनिटांनी मैत्रीण हसत ताट घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, "नको, आम्हाला भूक नाही." ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

सोमवारी संध्याकाळी पाहिलं तर लेकीचे ग्लव्हज चॅरिटी शॉपला द्यायच्या पिशवीत, माझ्या जुन्या स्वेटरांवर पडले होते.

पुढच्याच रविवारी काउंटीच्या मुलींच्या संघाची शेवटची निवड होती. गोलकीपरची जागा एक, आणि उरलेल्या मुली दोन. त्यातली एक माझी. दोन वर्षं ही पोरगी थंडीत, चिखलात, मंगळवार-गुरुवार न चुकता प्रॅक्टिसला गेली होती. आता म्हणे, "आय ॲम डन, आई. मी नाही जाणार. मी एक साधा बॉल पण नाही पकडू शकते."

अशा वेळी माझ्याकडे एकच औषध आहे, ते म्हणजे उरुग्वे.

हे जरा सांगायला हवं. वर्ल्ड कप आला की आमच्या कोल्हापूरची दोन राष्ट्रं होतात, ब्राझील आणि अर्जेंटिना. चौकाचौकात झेंडे, माणसाच्या तिप्पट उंचीचे कटआउट, आणि घराघरात भांडणं. माझे वडील, म्हणजे आबा, पेठेच्या संघाचे गोलकीपर होते, आणि अख्ख्या पेठेत एकटे उरुग्वेचे. दोन्हीकडून शिव्या खायचे. आमच्या दारावर आकाशी रंगाचा झेंडा असायचा, तोही आईच्या जुन्या साडीचा. बाकीच्या पोरींना झोपताना राजा-राणीच्या गोष्टी मिळाल्या, मला उरुग्वे मिळालं. एवढासा देश, सगळी माणसं पुण्यात मावतील आणि वर जागा उरेल. पण विसाच्या दशकात दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, मग पहिलावहिला वर्ल्ड कप स्वतःच्या घरी. शर्टावर चार तारे लावतात, त्यातले दोन त्या ऑलिंपिकचे. ते धरायचे की नाही यावर जग वाद घालतं. आबांच्या घरात हा वाद घालायची परवानगी नव्हती.

आणि मुख्य गोष्ट १९५० ची. ब्राझीलचं मैदान, माणसांचा समुद्र, ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. पेपरवाल्यांनी आदल्या दिवशीच त्यांना विजेते करून टाकलेलं. ब्राझीलचा पहिला गोल होतो. उरुग्वेचा कप्तान बॉल काखेत मारून सावकाश, अगदी सावकाश मधल्या रेषेकडे चालत येतो, पंचाशी हुज्जत घालतो, आणि तेवढ्यात मैदानाचा जोर ओसरतो. मग बरोबरी होते, आणि मग दुसरा गोल. अख्खं मैदान चिडीचूप. इथे आबा दोन्ही हात वर करायचे आणि मी गादीवर उड्या मारायचे.

हीच गोष्ट मी सोमवारी लेकीला सांगितली, हातवाऱ्यांसकट. म्हटलं, बघ, हरता हरता कसं जिंकता येतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसरा गोल कसा गेला?"

"उजवीकडून तो खेळाडू आला. गोलकीपरला वाटलं क्रॉस देणार, तो जरा पुढे सरकला, आणि यानं जवळच्या खांबाशेजारून..." मी बोलता बोलता थांबले.

"सेम," लेक म्हणाली. "आणि मग तो गोलकीपरचा काय झाला?"

चाळीस वर्षं मी ती गोष्ट ऐकली आणि सांगितली, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. लेकीनं फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. देशानं त्या माणसाला जन्मभर माफ केलं नाही. ती उठून आपल्या खोलीत गेली. अशी मी समजूत घालणारी! धन्य ती आई.

मंगळवारी ऑफिसच्या कार पार्कमधून, लंचमध्ये आबांना फोन लावला. सगळं सांगितलं, ताटाचं सांगणार नव्हते, पण तेही तोंडातून गेलं.

आबा म्हणाले, "पोरी, त्या गोष्टीचा शेवट मी तुला कधी सांगितलाच न्हाई. तुला नुसतं जिंकलेलं आवडायचं. उड्या मारून झोपायचीस."

"कसला शेवट?"

"असं सांगतात की त्या दिवशी संध्याकाळी उरुग्वेचा कप्तान आपल्या लोकांत नाचाय गेला न्हाई. एकटा भाईर पडला आणि गावात हरलेल्या माणसांत जाऊन बसला. ती रडत होती, हा त्यांच्या संगट. आपण ह्यांचं काय केलं, असं वाटलं म्हणं त्याला."

मग आबांनी स्वतःचं सांगितलं, जे त्यांनी आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाआधी, पेठांच्या अंतिम सामन्यात त्यांनीही जवळच्या खांबाशेजारून गोल खाल्ला होता. चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. गल्लीतली पोरं खिडकीखाली ओरडून जायची. पाचव्या दिवशी दार वाजलं. ज्या पेठेनं हरवलं होतं तिचा कप्तान उभा होता, हातात पांढऱ्या रश्श्याचा डबा. आत आला, स्वतः ताट घेतलं, वाढलं आणि म्हणाला, "जेव, मग मी जातो."

"उरुग्वेच्या कप्तानाचं मी नंतर पेपरात वाचलं," आबा म्हणाले. "तवापास्नं मी उरुग्वेचा. जिंकले म्हणून न्हाई गं! जिंकणारे ढिगानं हाईत." आणि मग आवाज चढला. "आणि तू वाढणारीच्या हातातलं ताट नाकारून आलीस? तुझी भूक गेली चुलीत, तुझ्या पोरीनं काय केलं हुतं? तिला जेवू तरी द्यायचं!"

पन्नाशीला टेकलेली बाई कार पार्कमध्ये उभी राहून बापाची बोलणी खात होती. खरं सांगते, बरं वाटलं.

मैत्रिणीला फोन करायला मात्र मला गुरुवार उजाडला. पडलं तरी नाक वर, हा माझा जुना रोग. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं, ऐक, ते रविवारी..."

"तुमच्या वाटणीचा मिसळीचा कट फ्रीझरमध्ये ठेवलाय," ती म्हणाली. "मला माहितीये तू कशी आहेस ते. चार-पाच दिवस लागतात तुला. उद्या येऊ का?"

शुक्रवारी संध्याकाळी दोघी आल्या. मोटरवेवर दीड तास अडकून, पाव, फरसाण, कट सगळं घेऊन. माझ्या स्वयंपाकघरात तिच्या मुलीनं वाढायला घेतलं. माझी लेक खाली मान घालून बसली होती. त्या पोरीनं कटाचा डाव उचलला आणि म्हणाली, "मला तुला एक सांगायचं आहे. मी गोल नाही मारला. मी क्रॉसच देत होती. माझ्या पायावरून बॉल चुकला."

माझ्या लेकीनं वर पाहिलं. "म्हणजे मी बरोबर होते?"

"तू एकदम बरोबर होतीस. मीच चुकली. सगळे मिठ्या मारायला लागले, मग कशी सांगणार?"

आणि मग दोघी जे हसत सुटल्या ते डाव टेबलावर पडेपर्यंत. कट माझ्या नव्या टेबलक्लॉथवर सांडला. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी दुसरा पाव घेतला. लेकीनं चार खाल्ले आणि झोपायच्या आधी पिशवीतून ग्लव्हज काढले.

रविवारी ती निवडीला गेली. दोन तास मी मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्चीत नखं खात बसले. ती काही फार भारी खेळली असं नाही, तीन गोल खाल्ले. पण प्रत्येक क्रॉसला बेधडक पुढे आली. शेवटी कोचनं दोघींना बाजूला नेलं. परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. मी हात पसरले.

"आई, डबा कुठे आहे?"

"गाडीत. अगं, पण आधी सांग तरी..."

ती थांबलीच नाही. डबा घेऊन मैदानाच्या पलीकडे गेली. तिथे दुसरी गोलकीपर बॅगेवर एकटी बसली होती, तोंड ग्लव्हजमध्ये लपवून. माझी लेक तिच्याशेजारी गवतावर बसली. झाकण उघडलं, बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळली आणि पुढे केली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. शेजारच्या बाईनं टिश्यू दिला.

तिथूनच आबांना फोन लावला. "आबा, झाली हो निवड!" म्हणून जवळजवळ ओरडले, आणि मग डब्याचं सांगितलं.

निवडीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्या पोरीनं खाल्लं का?"

मी मैदानापलीकडे पाहिलं.

"खाल्लं, आबा. दुसरी पोळी चालू आहे."