दुसरी किल्ली

नगरपालिकेच्या तिजोरीला दोन कुलपे होती आणि दोन माणसांवाचून ती उघडू नये, असा नियम होता. एक किल्ली खजिनदारबाईंच्या कमरेला, दुसरी मुख्याधिकाऱ्यांच्या खिशात. हा नियम करणाऱ्यांना माणसांची पारख असावी. मात्र पगाराच्याच दिवशी मुख्याधिकारी सासुरवाडीला जेवायला जातील, हे काही त्यांच्या ध्यानात आले नसावे.

खिडकीबाहेर रोजंदारीचे सफाई कामगार सकाळपासून ताटकळले होते. पगार आज झाला नाही तर पुढे सुट्ट्या, आणि वाण्याने उधारी बंद केलेली. बाईंनी पुन्हा फोन लावला.

"अहो, किती जीव खाल!" पलीकडून साहेब खिडकीबाहेर ऐकू जाईल असे ओरडले. "मुकादमाला पाठवा, किल्ली देतो. यापुढे दोन्ही तुमच्याकडेच राहू द्या, म्हणजे माझीही कटकट मिटेल."

"मग दुसरं कुलूप कशाला, साहेब? भंगारात घाला."

फोन बंद झाला. मुकादम खिडकीतून डोकावला. "बाई, साहेब आपणहून देतायत तर घ्या की. तुमच्यावर कोण संशय घेतंय?"

"संशय घ्यायची वेळ येऊ नये म्हणूनच कुलूप आहे, बाबा."

"तोवर आमच्या चुली थंड!" मागून एक झाडूवाली फणकारली. "तुमचा पगार बँकेत पडतो ना, म्हणून नियम गोड लागतात."

हे बाईंच्या जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. तत्त्वाची किंमत ज्याची त्याने मोजावी, असे त्या घरी नवऱ्याला ऐकवत. इथे ती किंमत दुसऱ्यांची पोरे मोजत होती. पण तिजोरी सज्जनांच्या भरवशावर सोडली, तर सज्जनपणा संपेल त्या दिवशी जाब विचारायचा कोणाला? त्या चडफडत उठल्या आणि रिक्षा करून साहेबांच्या सासऱ्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी उष्ट्या हाताने खुंटीवरच्या शर्टाकडे बोट दाखवले. मेहुणीने किल्ली काढून पुढे केली.

"किल्ली नको. साहेब हवेत," असे म्हणून बाईंनी दारालगतच्या स्टुलावर बैठक मारली.

"उठा, जावईबापू," सासरे हसले. "ही बाई तुमच्या सासूच्या वरताण दिसते."

साहेब तोंड फुगवून निघाले. दोन्ही किल्ल्या फिरल्या, तिजोरी उघडली, पगार सुरू झाला.

"साहेब भरल्या ताटावरून उठून आले हो आपल्यासाठी!" मुकादमाने जाहीर केले. "देवमाणूस!"

साहेबांनी विनयाने मान लववली आणि पंखा आपल्याकडे वळवून घेतला. बाईंनी पगारपत्रक खिडकीत सरकवले.

"इथे सही," त्या झाडूवालीवर खेकसल्या. "आणि मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात? साहेब बसलेत ना समोर."

"मोजा म्हणते ना!"