गळ्यातली चुंबळ

आमचे हे मुंबईत एका शेठजींच्या मोटारींची देखभाल करत. शर्यतीची हौस शेठजींना, पण मोटार पळवायची मात्र ह्यांनी. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या एका धावपट्टीवर या शर्यती व्हायच्या. एका रविवारी हे गावी, निर्मळला घरी आले आणि जेवता जेवता बोलून गेले, की मागच्या शर्यतीत एकाची मोटार उलटली; अंगावर ओरखडा नाही, पण मान मोडली आणि माणूस जागीच गेला. पुढच्या शर्यतीत ह्यांना उतरायचं होतं. माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"मानेची काही सोय केल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ द्यायची नाही," मी म्हटलं.

"अगं, कातड्याची टोपी असते की डोक्याला."

टोपी बघितली. पापड परवडला, इतकी पातळ. असा राग आला मला!

मी केळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजारात जाणारी बाई. ओझं डोक्यावर असलं तरी भरून येते ती मान, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पाटीखाली घेतो तशीच चुंबळ मी वळायला घेतली, फक्त गळ्यात बसेल एवढी मोठी. जुन्या लुगड्यात काथ्या ठासून भरला आणि दाभणानं टाके घातले. खांद्यांवर टेकून ती थेट कानांपर्यंत यायची. टोपीच्या आतही सावरीचा कापूस शिवला.

परीक्षा झाली बैलगाडीत. वाडीतल्या खाचखळग्यांतून मी बैल पळवले, हे मागे चुंबळ घालून बसलेले. सासूबाई हसून हसून ओट्यावर टेकल्या. वाटेत एका शेजाऱ्यानं अगदी काळजीनं विचारलं, "गालगुंड झालं काय रे?"

"काथ्या टोचतोय," उतरताच हे करवादले. "आणि लोक हसतील ते वेगळंच."

"हसू देत. मला रडायचं नाहीये."

शर्यतीला मी हट्टानं बरोबर गेले. लोक हसलेच, शेठजी तर पोट धरून. पण एका वळणावर ह्यांची मोटार घसरली, पेंढ्याच्या भाऱ्यांवर आदळली आणि आडवी झाली. सगळं हसणं बंद. लोकांना अडवायला बांधलेला दोर ओलांडून मी धावत सुटले.

धुरळ्यातून हे रांगत बाहेर आले. टोपी एका बाजूनं चेपलेली, चुंबळ उसवून काथ्या लोंबत होता. जमिनीवर बसकण मारून मला म्हणाले, "टोचतोच गं तुझा काथ्या."

चारचौघांत ह्यांच्याशी बोलायलाही लाजणारी मी. पण तिथं, त्या सगळ्या पुरुषांसमोर, दोन्ही हातांनी त्यांची मान चाचपत राहिले. "डावीकडे बघा. आता उजवीकडे." हे मुकाट्यानं मान फिरवत होते, आणि रडायचं नाही म्हणणारी मी ढसाढसा रडत होते.