मला तिकीट नको होतं

बडोद्यात नगरसेवकाला भाषण आलं नाही तरी चालतं, बेसणं चुकवून चालत नाही. कुणी गेलं की घरचे लोक हार घातलेला फोटो मांडून संध्याकाळी बसतात, आपण पांढरे कपडे घालून जायचं, हात जोडून थोडा वेळ गप्प बसायचं. जिवंतपणी ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा कितीतरी लोकांसाठी मी बसले आहे. एकदा तर नवरा गेलेल्या बाईंनीच डोळे पुसता पुसता मला कोपऱ्यावरच्या बंद दिव्याचं विचारलं. मला राग आला नाही. दुसरं कुणाला विचारणार होत्या त्या?

मी राजकारणात आले ती नवऱ्याच्या जागी. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलल्या त्याने आणि ऐन वेळी वॉर्डातली जागा निघाली महिलांसाठी राखीव. काही दिवस तो धुसफुसला. मग म्हणाला, "अगं, तू उभी राहा. काम मीच बघेन." मी तेव्हा सयाजीगंजातल्या एका शाळेत शिकवत होते. निवडून आले आणि त्याला काहीएक बघू दिलं नाही.

सुरुवातीला अंगात वारं होतं. एका गल्लीत नवी पाण्याची लाइन पडली की मला झोप लागायची नाही इतका आनंद. पुढे समित्या आल्या, आणि मग मी सभागृहात पक्षनेता झाले. बाहेरच्यांना ते फार मोठं वाटतं. खरं काम एवढंच की सामान्य सभेत आपल्याच माणसांना गप्प बसवायचं आणि बाहेर येऊन लोकांचं ऐकून घ्यायचं. गटार तुंबलं, फोन मला. पावसात नदीतली मगर सोसायटीत शिरली तरी फोन मला, जणू ती मीच पाळलेली. नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा तर बायकांनी मला फाटकावरूनच परत पाठवलं. त्यांचंही बरोबरच होतं. मी त्या जागी असते तर मीही आत घेतलं नसतं.

या सगळ्यात बाबा विसरायला लागले. रेल्वेतून निवृत्त होऊन ते शहरातच, हरणी भागात राहत होते. आई गेल्यावर कामाला ठेवलेल्या एक मावशी दिवसरात्र त्यांच्यापाशी असायच्या. आधी बाबांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली, मी हसले. मग एक दिवस ते मला माझ्याच लहानपणाच्या गोष्टी सांगू लागले, शेजारच्या मुलीच्या सांगाव्यात तशा. डॉक्टर म्हणाले, "जवळ बसत जा. जितकं बसाल तितकं तुमचं." त्या दिवशी मी ठरवलं, आता पुरे. ते मला ओळखताहेत तोवरचे दिवस मला हवे होते. बाकी काही नको होतं.

निवडणूक आली तशी सेन्सही आली. आमच्याकडे तिकीट वाटण्याआधी वरून निरीक्षक येतात, खोलीत बसतात आणि इच्छुकांना एकेक करून आत बोलावून ऐकून घेतात. त्याला सेन्स घेणं म्हणतात. बाहेर लग्नघरासारखी गर्दी, प्रत्येकाने आपापली वरात आणलेली. मी एकटीच गेले.

"बोला बेन," तिघा निरीक्षकांपैकी एक म्हणाले.

"मला तिकीट नको," मी म्हटलं. "वडिलांना माझी गरज आहे. दुसरं कुणीही द्या, मी प्रचार करीन."

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांतले वयस्क गृहस्थ मनापासून हसले. "बेन, छाश लेवा आव्या ने दोणी संताडो छो?" ताकाला येऊन भांडं लपवता होय, असं. या खोलीत तिकीट नको म्हणणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांना वाटलं, हिला विधानसभा हवी आहे.

मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "तमारी लागणी उपर पहोंचाडीशुं." पोहोचवली माझी भावना वर. यादीत माझं नाव सगळ्यांत आधी आलं.

शहरप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "आता माघार घेतलीत तर मराठी मतांचं काय, बेन?" घरी नवरा पेढे वाटत होता. बडोद्यात इतकी वर्षं फटाफट नाही म्हणणारी मी, तेव्हा का ऐकलं? दमले होते म्हणून. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. प्रचारात वॉर्डातल्या छाणीपासून पार शेवटच्या सोसायटीपर्यंत हात जोडत फिरले आणि त्या सबंध काळात हरणीला जेमतेम डोकावले.

निकाल लागला, मी निवडून आले. मिरवणूक सोडून थेट बाबांकडे गेले. ते खुर्चीत बसले होते. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. माझ्या पोटातून असा काही आनंद उसळला की काय सांगू. ओळखलं! ते कष्टाने उठले, सदरा नीट केला आणि हात जोडले.

"आवो बेन, बेसो. घरमां पाणी ज नथी आवतुं."

घरात ते माझ्याशी कधी गुजराती बोलले नव्हते. घरात पाणीच येत नाही, अशी तक्रार; आणि आत मावशी भांडी घासत होत्या, नळ धो धो वाहत होता. "बाबा, मी आहे," म्हटलं. ते अदबीने हसले आणि पुढचं सांगू लागले, प्रेशर नाही, कुणी दाद घेत नाही. मी त्यांच्यासमोर बसले. सगळं ऐकून घेतलं. ते येतं मला.

"काले ज माणस मोकलुं छुं, काका," मी म्हटलं. उद्याच माणूस पाठवते, असं.

त्यांना बरं वाटलं. पदराला हात पुसत मावशी बाहेर आल्या, तशी त्यांच्याकडे वळून ते हळूच मराठीत म्हणाले, "बाई चांगल्या आहेत हो. फोन उचलत नाहीत, पण चांगल्या आहेत."