पोश्याची सरळ दांडी

सूर्यमाळच्या पोश्याला देवाने दोन डोळे दिले होते, पण जगाकडे तो एकानेच बघायचा. तिराची दांडी सरळ आहे का, ते एक डोळा मिटूनच कळतं. त्या सवयीने तो लोकांच्या घराचे वासे, शेतांचे बांध, नव्या सुनांचे भांगसुद्धा पारखायचा आणि वर बोलून दाखवायचा. म्हणून लग्नाच्या मांडवात त्याला मागे बसवत.

घराच्या पडवीत त्याचं तीर घडवायचं काम चाले. धामणीच्या झाडाची कांब निखाऱ्यावर शेकायची, गुडघ्याला लावून सरळ करायची, कोयत्याने तासून गुळगुळीत करायची. जव्हारात तेव्हा राजांचं राज्य होतं आणि धामण राजाच्या रानातली. ती कुणाला तोडू द्यायची, हे जंगलशिपायाच्या कानात जिव्या पाटील सांगे.

पाटलाला स्वतःच्या नेमाचा भारी अभिमान. दसऱ्याला जव्हारला जाऊन नेम दाखवणार, हे त्याने आपणच पाड्यापाड्यांत सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात नाचणीत डुक्कर शिरलं. पाटलाने पोश्याकडून घेतलेला तीर सोडला. डुक्कर पोटभर खाऊन निघून गेलं आणि बांधापलीकडे चरणारा गौराबाईचा रेडा आडवा झाला.

गौराबाईने पंच बसवले. आदल्या दिवशी पाटील पोश्याच्या पडवीत येऊन टेकला.

"पोश्या, उद्या वाघदेवापुढं एवढंच बोल, दांडी वाकडी होती. रेडा मी देईन, दया म्हणून. तुझं काय जातं?"

"वाकडी?" पोश्याचा दुसरा डोळाही उघडला.

"नाय बोललास तर धामण विसर. शिपायाला सांगून ठेवतो."

पाटील गेल्यावर पोश्याची बायको धाकली आतून बाहेर आली. "बोल की. जीभ काय तासायला लागते?"

"वाघदेवापुढं खोटं बोलू?"

"देवाला मधी आणू नको. नवसाच्या कोंबड्याची तंगडी घरीच ठेवलीस, तवा नाय देव आठवला? धामण बंद झाली तर खाशील काय?"

शेवटी पोश्याने तिला तसं बोलायचा शब्द दिला. बोलायचं ठरवूनच तो दुसऱ्या दिवशी गेला. वाघदेवाच्या दगडापुढे तीर ठेवला होता. पोश्याने हात जोडले, घसा खाकरला.

"ही दांडी... म्हणजे जराशी..."

"वाकडी होती ना?" जमलेल्यांतला तुका ताडकन उठला. "तरीच! माझं भेकर सुटलं ते तुझ्याच दांडीपायी!"

"आन माझा ससा?" मागून कुणी ओरडलं.

"आमच्या घरच्याचा तर लगीन झाल्यापासून एकबी तीर लागला नाय," बायकांतली लाडकी म्हणाली. "पोश्यादादा, समदे बदलून दे."

बायका हसल्या, पण पुरुष हसेनात. पिढ्यान् पिढ्यांचे चुकलेले नेम पोश्याच्या दारात येऊन पडायची वेळ आली. त्याने तीर उचलला, एक डोळा मिटला, आणि धाकलीला दिलेला शब्द तिथेच विसरला.

"वाघदेवाची आण, दांडी सरळ हाय! वाकडी दांडी काळजात जाईल का रं? एका तिरात अख्खा रेडा पडला. असा रेडा आजवर कुणी पाडलाय? सांगा."

पंच एकमेकांकडे बघू लागले. "नाय बा, ऐकला नाय," म्हातारा पंच म्हणाला.

पाटील पोश्याला खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होता. पण हे ऐकलं आणि त्याचा हात हळूहळू मिशीकडे गेला.

"तसा हात बसलाय आपला," तो म्हणाला. "डुकराचं काय, ते कुणीबी मारतं."

"मंग तूच पाडलास ना रेडा?" गौराबाईने विचारलं.

"मग काय! दुसऱ्या कुणाची छाती हाय?"

"देवानं ऐकलं हां, पाटील. चल, गोठ्यातला मीच निवडते."

गोठ्यातला सगळ्यात दांडगा रेडा तिने सोडला. दया दाखवायला पाटलाला सवडच मिळाली नाही. पण तोवर त्याच्या नेमाची कीर्ती मोखाड्याकडे निघाली होती, त्यामुळे तो खुशीत होता. शिपायाला त्याने आपणहून सांगितलं, पोश्याला हवी तेवढी धामण तोडू दे, दसऱ्याला मला अशाच दांड्या लागतील.

धाकलीने देवापुढे दिवा लावला. "वाचलास बाबा."

पोश्या मात्र तोंड पाडून बसला होता. "समदे पाटलाच्या नेमाचंच बोलतात. दांडीचं कुणी नावबी काढलं नाय. जाऊन सांगू का, पाटलाला डुक्कर मारायचं होतं?"

तो खरंच उठला. धाकलीने कमरेच्या फडक्याला धरून त्याला खाली बसवलं आणि हातात कोयता दिला.