भाईंच्या तिसऱ्या

मालवणच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात जानकी ग्रंथपाल होती. १९८५ साली तिच्या गळ्यात एक नवं काम पडलं. समुद्राविषयी जगभर जे लिहिलं जातं, त्याच्या नोंदी युरोपातली एक संस्था कॉम्प्युटरवर गोळा करत असे. मालवणकडच्या नोंदी जानकीने करायच्या, दिल्लीच्या कार्यालयाने तपासून पुढे धाडायच्या. सारांश लिहायचा, विषयाचे शब्द द्यायचे. तेही मनाचे नाहीत, जाडजूड शब्दसूचीत असतील तेच. छापून विक्रीला न आलेले अहवाल असले तर मूळ कागदच पाठवायचे. तिकडे पानं अगदी लहान करून त्यांची फिल्म काढत आणि कागद परत धाडत.

म्हणून ती आचऱ्याला हरिश्चंद्रभाईंकडे गेली. मत्स्य खात्यातून निवृत्त झालेल्या भाईंनी खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कशा वाढतात, कधी मरतात, यावर उमेदीची वर्षं घालवली होती. त्यावरच्या अहवालाची एकच प्रत उरली होती, दुसरी वाळवीने खाल्लेली.

"परत येतलो मां गो?" भाईंनी विचारलं.

"येतलो तर! जगभर लोक वाचतले, भाई."

झेरॉक्स काढायची तर पणजी गाठायला हवी होती आणि टपाल लगेच निघायचं होतं. जानकीने कागद तसेच पाठवले.

पावसाळा सरला, कागद आले नाहीत. भाई दर बाजाराला एसटीने मालवणात येत. खिडकीतून त्यांची छत्री दिसली की जानकी आलेलं टपाल पुन्हा चाळायला घेई.

"इलो काय गो माझो अहवाल?"

"येतलो, भाई." खोटं बोलल्यासारखं तोंड कडू होई. दिल्लीने कळवलं, कागद पुढे पाठवले. युरोपातून कळवलं, कागद परत धाडले. मग वाटेत गेले कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी युरोपातून पाकीट आलं. आत कागद नव्हते, तळहाताएवढी फिल्म होती. भाई येईपर्यंत थांबणं तिला जमेना. ती स्वतःच आचऱ्याला गेली.

"भाई, कागद हरवले. मी घाई केली. ह्याच रवला. मायक्रोफिश म्हणतत ह्याका."

"ह्यो खंयचो मासो?" भाई हसले नाहीत. त्यांनी फिल्म उजेडात धरली. नुसते करडे ठिपके.

दोघं पणजीला गेली. तिथल्या एका ग्रंथालयात असली फिल्म वाचायचं यंत्र होतं. पडद्यावर आधी नुसता धुरकट उजेड आला. फिल्मही कोरी निघाली तर? ग्रंथालयातल्या माणसाने यंत्राची चकती फिरवली आणि टंकलेल्या ओळी उभ्या राहिल्या, कडेला भाईंच्या पेन्सिलीचं अक्षरही. भाई पडद्यावर बोट ठेवून वाचू लागले आणि मध्येच थबकले.

"हयसर चूक आसा गो. मार्गशीर्षातलो आकडो पौषात पडलो. आता जगभर असाच वाचतले?"

"दुरुस्ती पाठवूक येता," जानकी म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

परतताना बांद्याला गाडी थांबली, तिथे चहा पिता पिता तिने भाईंकडून बरोबर आकडा लिहून घेतला. कागद गेले ते गेलेच. भाईंनी त्यावरून तिला कधी बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं.