मुकुंदकाकांचा नागली रंग

कुणाचंही छापील काम हातात आलं की मुकुंदकाका आधी बोट जिभेला लावायचे आणि ते ओलं बोट कागदावर घासायचे. शाई बोटाला आली, की ते समोरच्याच्या नाकापुढे धरून म्हणायचे, "घ्या, तुमचं नाव माझ्या बोटाला लागलं." मी पहिल्यांदा त्यांच्या छापखान्यात गेले तेव्हा माझ्या लेबलाचीही त्यांनी अशीच वाट लावली. ते मी नाशिकहून घाईत प्रिंट करून आणलं होतं. राग आला, पण बोट तांबडं झालं होतं हे खरं.

जव्हारच्या बाजारात काकांचं जुनं ऑफसेट मशीन होतं, एका वेळी एकच रंग छापणारं. मी मोखाड्याची शिक्षिका. सूर्यमाळच्या सात बायकांचा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचा गट, त्याचं लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे. नाशिकच्या एका दुकानाने पहिली ऑर्डर दिली होती, दोनशे पाकिटांची, शुक्रवारपर्यंत. लेबलाशिवाय दुकानदार पाकीट घेणार नव्हता.

"दोनशेच हवीत," मी म्हटलं.

"दोनशेसाठी प्लेट करायची म्हणजे चार माणसांसाठी मांडव घालायचा. हजार घ्या बाई, एकेक लेबल स्वस्त पडेल. पावसात रंग उतरणार नाही. आणि पहिलं नि हजारावं शेजारी ठेवा, जुळी पोरं दिसतील."

इथवर ठीक होतं. माणूस कामाचं बोलत होता. मी हजार सांगितली.

बुधवारी नमुना बघायला गेले, सोबत गटातली मंगली. काकांनी मला ओलांडून कागद तिच्यापुढे धरला. "ही तुझी नागली का गं?"

मंगलीने वाकून पाहिलं. "नाय बा. ही तं वीट दिसते. आमची नागली काळी हाय जराशी."

झालं. काकांनी मशीनवरची शाई पुसून काढली आणि काचेवर पत्तीने नवी घोटायला घेतली. तांबडा, मग चिमूटभर काळा. मंगलीने कनवटीची मूठभर नागली काढून काचेशेजारी ठेवली, मग तर दोघं मला विसरलीच. एकदा नाही, तीनदा शाई बदलली.

"अहो काका, लोकांना पापड खायचाय, रंग नाही," मी वैतागून म्हणाले.

"बाई, पोराने चुकीचं उत्तर वेळेत लिहिलं तर तुम्ही मार्क देता?"

त्यात वळवाची ओली हवा, शाई वाळेना. लेबलं रविवारी मिळाली आणि ऑर्डर हातची गेली. भर उन्हाळ्यात लांबून हंडे वाहून आणलेल्या पाण्यात बायकांनी पीठ मळलं होतं. ते पापड घरीच राहिले. मी पुढे कितीतरी महिने काकांशी बोलले नाही.

तो दुकानदार पुढल्या वर्षी पुन्हा आला. लेबलाचा रंग तोवर तसूभर उतरला नव्हता. म्हणून मी काकांना माफ केलं, असं मुळीच नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. मुलाने मशीन भंगारात दिलं आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं. आमची लेबलं संपत आली होती, तेव्हा त्याने काकांनी कागदांत गुंडाळून जपलेल्या प्लेटा आणून दिल्या. वर काकांच्या अक्षरात 'सूर्यमाळ'. तांबडा किती, काळा किती, हे कुठेतरी लिहिलं असेल म्हणून मी सगळे कागद उलगडले. कुठेच काही नाही. आत फक्त एक पुडी, आणि पुडीत चिमूटभर नागली. एका ओळीत प्रमाण लिहायला यांचं काय जात होतं? तिथेच, मुलासमोर, मी गेलेल्या माणसाला बोल लावले.

पुडी आणि मंगली, दोघींना घेऊन नाशिकचा छापखाना गाठला. तिथल्या माणसाने रंगाचा नंबर मागितला. मी पुडी सोडून टेबलावर ठेवली. तो हसला, पण त्याने एक नमुना काढून दिला. छान, गुळगुळीत, तांबूस.

"मंगळवारी सगळी लेबलं देतो," तो म्हणाला.

दुकानाची ऑर्डर बुधवारची होती. मंगळवार चुकला तर ती पुन्हा जाणार होती. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि कागद मंगलीपुढे धरला.

"ही तुझी नागली का गं?"

मंगलीने बराच वेळ पाहिलं. "नाय," ती हळूच म्हणाली.

"पुन्हा जुळवा," मी त्या माणसाला म्हटलं, आणि मला काकांचा भयंकर राग आला.